पीएमआयसीचा कर्नल ड्रायव्हर तपासताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर दोन-तीन महिन्यांनी टीममधलं कुणीतरी नवीन खुर्ची ओढून शेजारी बसतं आणि विचारतं, "पीएमआयसीचा पॅच रिव्ह्यूला आलाय. सी येतं मला, पण यात बघायचं काय?" दर वेळी तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून लिहून ठेवतोय. पीएमआयसी म्हणजे बोर्डाला वीज वाटून देणारी चिप, आणि उदाहरणाला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीएस ६५२१७ घेतली आहे. ती बीगलबोन ब्लॅक या छोट्या लिनक्स बोर्डवर असते, डेटाशीट कुणालाही डाउनलोड करता येते आणि ड्रायव्हर मेनलाइन, म्हणजे मूळ अधिकृत, लिनक्समध्ये आहे. चिप जुनी आहे, पण रिव्ह्यूअरचा हात बसायला लागतात तेवढ्या खोडी तिच्यात आहेत.

पीएमआयसी म्हणजे नेमकं काय, आणि त्याच्या ड्रायव्हरची एवढी धास्ती का?

बोर्डाला बाहेरून ५ व्होल्ट मिळतात, नाहीतर बॅटरी असते. आत मात्र प्रोसेसरच्या कोअरला १.१ व्होल्टच्या आसपास, रॅमला १.५, आयओला ३.३ असा ज्याचा त्याचा वेगळा हट्ट. शिवाय सगळे ठरलेल्या क्रमानेच चढायला हवेत. हा सगळा संसार एका चिपमध्ये बसवला की झाली पॉवर मॅनेजमेंट आयसी. ६५२१७ मध्ये तीन बक कन्व्हर्टर (व्होल्टेज खाली आणणारे स्विचिंग रेग्युलेटर) आणि चार एलडीओ (साधे लिनियर रेग्युलेटर) आहेत, त्यातले दोन एलडीओ लोड स्विच म्हणूनही चालतात. शिवाय बॅटरीचा चार्जर, बॅकलाइटच्या एलईडींची सोय आणि पॉवर बटणाची पिन.

डिस्प्लेचा ड्रायव्हर चुकला तर स्क्रीनवर दिसतं. इथे चुकलं तर बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. कोअरला थोडे मिलिव्होल्ट कमी मिळाले तरी बोर्ड बूट होतो, लॉगिन येतं, टेस्ट पास होतात. मग मे महिन्यात, बंद खोक्यात, पूर्ण लोडवर कधीतरी मेमरी करप्ट होते आणि सगळे फाइल सिस्टीमला शिव्या घालत बसतात. ड्रायव्हर "झालं" म्हणतो आणि रेलवर, म्हणजे प्रत्यक्ष वीज नेणाऱ्या वाटेवर, ते झालेलं नसतं. पीएमआयसीच्या रिव्ह्यूत मी सगळ्यात आधी हीच फट शोधतो.

एका चिपसाठी इतक्या फायली कशाला?

चिप एक असली तरी कामं वेगवेगळ्या सबसिस्टीमची आहेत. आय-टू-सी या दोन तारांच्या बसवर बोलणारा मूळ ड्रायव्हर एमएफडीत, म्हणजे मल्टिफंक्शन डिव्हाइसच्या डिरेक्टरीत राहतो. रेग्युलेटर, चार्जर, बॅकलाइट आणि बटण ही त्याची मुलं आपापल्या घरी. प्रत्येक घराचा मेंटेनर (त्या कोडचा राखणदार) वेगळा, त्यामुळे पॅचही सुटे हवेत. सगळं एकाच पॅचमध्ये कोंबलेलं आलं तर आत न वाचता परत पाठवा, त्यात काही उद्धटपणा नाही.

वाचायला सुरुवात कुठून करू?

डिव्हाइस ट्रीच्या, म्हणजे बोर्डावर काय काय आहे हे कर्नलला सांगणाऱ्या फाइलच्या, बाइंडिंगपासून; बाइंडिंग म्हणजे तिथे काय आणि कसं लिहायचं याचे नियम. ड्रायव्हर पुढे बदलता येतो, बाइंडिंग एकदा मर्ज झालं की जन्माचं गळ्यात पडतं. त्यानंतर रजिस्टरांची हेडर फाइल. डेटाशीटमधला रजिस्टर मॅप मी कागदावर छापून घेतो आणि एकेका ओळीवर पेन्सिलने टिक करत जातो. हसतात लोक, हसू देत. कॉपी-पेस्ट करताना एका मास्कमध्ये एक बिट इकडचा तिकडे झालेला स्क्रीनवर डोळ्यांना दिसत नाही, कागदावर दिसतो.

आय-टू-सीचा पत्ता आधी तपासा. लिनक्सला सात बिटांचा पत्ता लागतो. ६५२१७ चा पत्ता हेक्समध्ये २४ आहे. काही कंपन्यांच्या डेटाशीटमध्ये वाचायचा-लिहायचा बिट धरून आठ बिटांचा पत्ता छापतात, तो इथे ४८ आणि ४९ झाला असता. तसा आकडा उचलून डिव्हाइस ट्रीत टाकला की चिप उत्तरच देत नाही, आणि लिहिणारा दोन दिवस पुल-अप रेझिस्टर बदलत बसतो.

व्होल्टेजचे आकडे कसे तपासायचे? ते तर नुसतं टेबल आहे.

नुसतं टेबल आहे म्हणूनच कुणी बघत नाही. ६५२१७ च्या बक कन्व्हर्टरला सहा बिटांचा सिलेक्टर (व्होल्टेज निवडणारा आकडा) आहे, म्हणजे ० ते ६३. पण पायऱ्या सारख्या नाहीत. ० ते २४ पर्यंत ०.९ व्होल्टपासून २५ मिलिव्होल्टची पायरी. २५ ते ५२ पर्यंत १.५५ व्होल्टपासून ५० ची. ५३ ते ५५ पर्यंत ३ व्होल्टपासून १०० ची. आणि ५६ पासून ६३ पर्यंत काहीही लिहा, ३.३ च मिळतात, म्हणून त्या शेवटच्या रेंजची पायरी शून्य.

आता प्रत्येक रेंजचं शेवटचं टोक हाताने काढा. २४ गुणिले २५ म्हणजे ६००, अधिक ९००, झाले १.५ व्होल्ट. पुढची रेंज १.५५ ला सुरू होते, म्हणजे सांधा बरोबर जुळला. लिहिणाऱ्याने चुकून पहिल्या रेंजचं टोक २४ ऐवजी २५ लिहिलं, तर कर्नल समजेल १.५२५ आणि चिप देईल १.५५. कंपायलर गप्प, चेकपॅच (पॅचची शैली तपासणारी कर्नलची स्क्रिप्ट) गप्प. चुका नेमक्या अशा सांध्यांवरच दबा धरून बसतात. मधल्या आकड्यांवर वेळ घालवू नका, टोकं तपासा. सिलेक्टरांची एकूण संख्याही बघा: शेवटचा सिलेक्टर ६३ असेल तर संख्या ६४.

एलडीओ-१ चं टेबल तर मुळातच वेडंवाकडं आहे. १.० वरून १.१, १.२, मग १.२५, १.३, १.३५, १.४, पुढे १.५, १.६, १.८ आणि तिथून उडी थेट २.५ वर. अशा ठिकाणी "सूत्राने काढता येईल की" अशी सूचना करू नका. सोळा आकड्यांचं टेबल आहे तसंच बरं.

आणि एककं. रेग्युलेटर फ्रेमवर्क सगळं मायक्रोव्होल्टमध्ये बोलतं. व्होल्टेज चढण्याचा वेग मायक्रोव्होल्ट प्रति मायक्रोसेकंद असा द्यायचा असतो, डेटाशीटमध्ये मात्र बहुधा मिलिव्होल्ट असतात. समजा चिपचा वेग १२.५ मिलिव्होल्ट प्रति मायक्रोसेकंद आहे, तर ड्रायव्हरमध्ये १२५०० हवेत. ४०० मिलिव्होल्ट चढायला ३२ मायक्रोसेकंद. कुणी तिथे १२ लिहून मोकळं झालं, तर कर्नल दर वेळी ३३ मिलिसेकंद ताटकळत उभा राहतो. बोर्ड चालतो, फक्त "हल्ली जरा जड वाटतोय" अशी तक्रार येते.

रजिस्टरमध्ये किंमत लिहिली, एरर आली नाही. मग व्होल्टेज बदललंच असणार ना?

नाही. हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

६५२१७ ची महत्त्वाची रजिस्टरं पासवर्डमागे आहेत. हेक्स ०बी हे पासवर्डचं रजिस्टर. ज्या रजिस्टरमध्ये लिहायचंय त्याचा पत्ता ७डी शी एक्सॉर करायचा, तो आकडा ०बी मध्ये टाकायचा, मग खरी किंमत लिहायची. ही पहिली पातळी. दुसऱ्या पातळीच्या रजिस्टरांना हाच सोपस्कार लागोपाठ दोनदा करावा लागतो. नाही केला तर चिप लिहिलेलं मुकाट्याने टाकून देते. आय-टू-सीवर अ‍ॅक म्हणजे पोच मिळते, फंक्शन शून्य परत करतं, सगळं आलबेल.

सीपीयूचं व्होल्टेज ज्यातून येतं त्या दुसऱ्या बकचं रजिस्टर ०एफ. ०एफ एक्सॉर ७डी म्हणजे ७२. तर ०बी मध्ये ७२, ०एफ मध्ये किंमत, पुन्हा ७२, पुन्हा किंमत. इतकं करूनही रेल जागची हलत नाही! बक कन्व्हर्टरला "आता चल" असं वेगळं सांगावं लागतं. त्यासाठी हेक्स ११ नंबरच्या रजिस्टरमध्ये गो नावाचा सगळ्यात वरचा बिट आहे, आणि तेही रजिस्टर दुसऱ्या पातळीवर, म्हणजे तिथे ६सी, किंमत, ६सी, किंमत. एका व्होल्टेजसाठी आठ राइट्स.

यातून रिव्ह्यूअरने दोन गोष्टी उचलायच्या. पहिली: "स्वतःचं सेट-व्होल्टेज फंक्शन कशाला लिहिलंत, रेगमॅपचा (रजिस्टर वाचा-लिहायच्या कर्नलमधल्या सोयीचा) तयार हेल्पर वापरा" ही सूचना शंभरातल्या नव्वद वेळा रास्त असते, इथे चूक आहे. सूचना करण्याआधी डेटाशीट उघडा. दुसरी: पासवर्ड आणि त्यामागची किंमत यांच्यामध्ये दुसरा थ्रेड घुसला तर काय? रेगमॅपचं कुलूप एका अ‍ॅक्सेसपुरतं असतं, चार राइट्सच्या साखळीपुरतं नाही. अशी साखळी दिसली की "हिला कुलूप कुठलं?" हे लेखकाला विचारायचंच.

गो बिटवरून एक प्रसंग. चिप वेगळी होती, पण जात हीच. आमच्याकडे इंटर्न म्हणून आलेली मुलगी एका बोर्डवर कोअरचं व्होल्टेज १.२ वरून १.१ वर आणत होती.

"सर, झालं. रेग्युलेटर समरीत १.१ दिसतंय."

"मीटर लाव."

"समरीत दिसतंय ना पण."

"तू लाव तर खरं."

तिने प्रोब कॅपॅसिटरच्या पायाला टेकवला. १.२०३. परत टेकवला. १.२०३. बूटलोडरने लावून दिलेलं व्होल्टेज जसंच्या तसं. डीबगएफएसमधली, म्हणजे कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फायलींतली, समरी रजिस्टर वाचून आकडा सांगते, आणि रजिस्टरमध्ये नवा सिलेक्टर इमानदारीत बसला होता. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने गो बिट दिलाच नव्हता. खाली आणताना हे चुकलं तर फक्त उष्णता वाया जाते. वर चढवताना चुकलं तर घोटाळा, कारण सीपीयू-फ्रीक्वेन्सीचा कोड आधी व्होल्टेज वाढवतो, "झालं" ऐकतो आणि मगच क्लॉक वाढवतो. प्रोसेसर मग उपाशीपोटी धावायला लागतो.

बोर्डाला लागणारं व्होल्टेज ड्रायव्हरमध्येच लिहिलं तर काय बिघडतं?

जुन्या, २०११ च्या बीगलबोनवर डीडीआर-२ रॅम आहे, तिला पहिल्या बककडून १.८ व्होल्ट हवेत. २०१३ च्या ब्लॅकवर डीडीआर-३ आली, तीच रेल १.५ वर. पीएमआयसी दोन्हींवर ६५२१७ च, फक्त शेवटचं अक्षर बदललं. १.८ हा आकडा ड्रायव्हरमध्ये कोरून ठेवला असता तर काय झालं असतं ते सांगायला नको. चिप काय देऊ शकते ते ड्रायव्हरने सांगावं, बोर्डाला काय सोसतं ते डिव्हाइस ट्रीने.

बोर्ड नीट बूट होतो आणि अर्ध्या मिनिटाने मरतो. ड्रायव्हरचा दोष?

बहुधा डिव्हाइस ट्रीचा. बूट संपल्यावर साधारण ३० सेकंदांनी रेग्युलेटर कोअर फेरी मारतो आणि ज्यांचा कुणी वाली नाही अशा चालू रेल बंद करतो. रॅमच्या किंवा कोअरच्या रेलला "ऑलवेज-ऑन" लिहायचं राहिलं असेल, तर तिचाही नंबर लागतो. कर्नलला बूटवेळी "रेग्युलेटर इग्नोअर अनयूज्ड" हा पर्याय देऊन बघा. बोर्ड जगला तर चोर सापडला. पण हा पर्याय निदानासाठी आहे, तो कायमचा ठेवणारा पॅच आला तर अडवा.

इंटरप्टमध्ये काय बघायचं?

आय-टू-सीवरचं वाचन झोपू शकतं, म्हणजे वाट बघत थांबू शकतं, म्हणून हार्ड इंटरप्टच्या संदर्भात ते चालत नाही. हँडलर थ्रेडमध्येच हवा, आणि वरचा (हार्ड इंटरप्टमधला) हँडलर दिलेला नसेल तर वनशॉट फ्लॅग (थ्रेडचं काम होईपर्यंत इंटरप्ट बंद ठेवणारा) हवाच, नाहीतर कर्नल विनंतीच नाकारतो. इतकं बहुतेकांना ठाऊक असतं.

खरी गंमत रजिस्टरच्या स्वभावात आहे. ६५२१७ मध्ये इंटरप्टची स्थिती आणि त्यांचे मास्क एकाच रजिस्टरमध्ये राहतात, आणि ते रजिस्टर वाचलं की स्थिती पुसली जाते. अशा रजिस्टरला रेगमॅपच्या कॅशमधून वाचलं तर जुनीच बातमी मिळणार, म्हणून ते व्होलाटाइल यादीत हवं. वाचल्यावर पुसली जाणारी रजिस्टरं "प्रेशस" यादीतही घालावीत. नाहीतर कुणी कुतूहलाने डीबगएफएसमधली रजिस्टरांची फाइल उघडतो, त्या वाचनातच इंटरप्ट गिळला जातो आणि बटण का चालेना म्हणून शोधाशोध सुरू होते.

क्रमांकही तपासा. याच चिपच्या मेनलाइन ड्रायव्हरमध्ये एकेकाळी कोडमधला इंटरप्टांचा क्रम आणि डिव्हाइस ट्रीतले हार्डवेअर क्रमांक जुळत नव्हते. परिणाम असा की पॉवर बटणाचा ड्रायव्हर सुरू होताना बटणाऐवजी यूएसबीचा इंटरप्ट चालू करायचा. पुढे दुरुस्ती झाली: यूएसबी ०, एसी १, बटण २. तीन आकड्यांची चूक, आणि ती कितीतरी डोळ्यांखालून गेली होती. हेडरमध्ये नुसती एनम दिसली की तिचा प्रत्येक आकडा डेटाशीटमधल्या बिटाशी लावून बघा.

प्रोब फंक्शनमध्ये, म्हणजे चिप सापडल्यावर कर्नल ड्रायव्हरचं जे फंक्शन बोलावतो त्यात, काय बघायचं?

क्रम. इंटरप्ट मागण्याआधी त्याला लागणारा सगळा डेटा तयार हवा, कारण मागितल्या क्षणी तो येऊ शकतो. डेव्हएमच्या (घेतलेलं आपोआप सोडणाऱ्या) फंक्शनांनी घेतलेल्या वस्तू उलट्या क्रमाने सुटतात, पण मध्येच एखादी हाताने घेतलेली असली की तो क्रम विस्कटतो. डेव्हएम आणि हाताचं असं मिश्रण दिसलं की थांबून वाचा. एरर छापायला २०२० पासून, ५.९ कर्नलपासून, डेव्ह-एर-प्रोब आहे. ते वापरलं की प्रोब पुढे ढकलला गेल्यावर लॉगमध्ये नाहक कचरा होत नाही.

पॉवर-ऑफचा कोड चार ओळींचा असतो. त्यात चुकण्यासारखं काय आहे?

बीगलबोनवर शटडाउन होताना प्रोसेसरमधलं आरटीसी (घड्याळ) एक पिन खाली ओढतं. त्यानंतर पीएमआयसीने पूर्ण बंद व्हायचं की फक्त आरटीसी जिवंत ठेवून झोपायचं, हे स्टेटस रजिस्टरमधला एक बिट ठरवतो. बहुतेक बीगलबोनांचं सर्किट त्या झोपेसाठी बनलेलंच नाही, तशा अवस्थेत गेल्यास हार्डवेअरला इजा होऊ शकते. म्हणून डिव्हाइस ट्रीत एक प्रॉपर्टी टाकून ड्रायव्हरला तो बिट लावायला सांगितलं आहे. चार ओळीच आहेत खऱ्या, पण बोर्ड त्यांच्या भरवशावर आहे.

दुसरा मुद्दा संदर्भाचा. शेवटचं पॉवर-ऑफ फंक्शन धावतं तेव्हा इंटरप्ट बंद असतात, बाकीचे सीपीयू थांबलेले असतात. तिथून आय-टू-सीवर लिहायचं असेल तर कंट्रोलरच्या ड्रायव्हरला अ‍ॅटॉमिक ट्रान्सफर, म्हणजे इंटरप्टशिवाय आणि न झोपता होणारं, यायला हवं. ही सोय कर्नलमध्ये २०१९ ला आली आणि आजही प्रत्येक कंट्रोलरला ती नाही. लेखकाला विचारा: कुठल्या बोर्डवर बंद करून बघितलंत, आणि दिवा खरंच विझला का? तसंच जुना ग्लोबल पॉवर-ऑफ पॉइंटर वापरला असेल तर तो काढायला सांगा. दोन ड्रायव्हर त्याच्यावर हक्क सांगायला लागले की शेवटी आलेला जिंकतो. २०२२ च्या ५.१९ पासून त्यासाठी सिस-ऑफ हँडलर आहेत.

व्हेंडरच्या (चिप विकणाऱ्या कंपनीच्या) कर्नलमध्ये हाच कोड कित्येक वर्षं चालतोय. मग मेनलाइनला अडवायचं कशाला?

तिथे तो एका बोर्डवर चालतोय. इथे तो कुणाच्याही बोर्डवर चालेल, आणि उद्या फ्रेमवर्क बदलला की तो बदल कुणीतरी तिसरा करेल, चिप न बघता. शिवाय "चालतोय" म्हणजे काय, ते वर मीटरवर पाहिलंच.

चेकपॅच आणि कोड तपासणारी स्पार्स, स्मॅच ही साधनं, सगळं स्वच्छ आहे. आता माझं काम उरलं का?

आत्ता कुठे सुरू झालं. बाइंडिंगची स्कीमा तपासणी आणि डब्ल्यू-१ चं (जादा वॉर्निंग दाखवणारं) बिल्ड हे लेखकानेच करून पाठवायचं असतं. यंत्राला दिसणारं यंत्राला बघू द्या. शेवटच्या स्वल्पविरामावर तीन शेरे मारून मूळ चुकीकडे दुर्लक्ष करणारे रिव्ह्यूअर मी पाहिलेत. एके काळी मीही त्यातलाच होतो.

माझ्याकडे ती चिप नाही. मी रिव्ह्यू करू शकतो का?

खुशाल. डेटाशीट आणि कोड समोरासमोर ठेवून निम्म्याहून जास्त चुका सापडतात. फक्त टॅग देताना प्रामाणिक राहा. नीट वाचलं आणि पटलं तर रिव्ह्यूड-बाय. चालवून पाहिलं तरच टेस्टेड-बाय, आणि सोबत कुठल्या बोर्डवर ते लिहा. एकच भाग वाचला असेल, तर तेवढाच वाचला असं मेलमध्ये सांगा. "इंटरप्टचा भाग मी पाहिलेला नाही" हे लिहिण्यात कमीपणा नाही. उलट मेंटेनरला कळतं की तिकडे अजून कुणाची नजर हवी.

शेरा कसा लिहायचा?

"हे चूक वाटतंय" असं लिहिलंत तर लेखक अंदाजाने काहीतरी बदलून परत पाठवतो. "डेटाशीटच्या रजिस्टर तक्त्यात हा बिट ५ आहे, कोडमध्ये ४ आहे, तुमच्या प्रतीत काय आहे?" असं विचारलंत तर पाच मिनिटांत निकाल लागतो. शेवटचा प्रश्न मुद्दाम, कारण डेटाशीटच्या आवृत्त्या बदलतात आणि कधी कधी चुकलेले आपणच असतो.

दुसरी आवृत्ती आली. सगळं पुन्हा वाचायचं?

गिटच्या रेंज-डिफने आधी फरक काढा. तुम्ही सांगितलेलं झालंय का ते बघायला दोन मिनिटं लागतात. जास्त वेळ द्या कुणीही न सांगितलेल्या बदलांना. लेखकाने जाता जाता "जरा नीटनेटकं" म्हणून एखादी रेंज, एखादा मास्क हलवलेला असतो आणि चेंजलॉगमध्ये त्याचा पत्ता नसतो. तसं दिसलं की छापलेला रजिस्टर मॅप पुन्हा काढा, तेवढ्या ओळींवरची टिक खोडा आणि पेन्सिल हातात घ्या.